सांगणारी कोण, ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

तुझे पत्र आणि पटकथेचा पहिला ड्राफ्ट, दोन्ही वाचून झाले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी पडद्यावर आणताना हरिभाऊ आपट्यांशी प्रामाणिक राहावे की आजच्या प्रेक्षकाशी, असे तू विचारले आहेस. आणि निर्मात्याने कथा आजच्या पुण्यात घडवण्याचा जो आग्रह धरला आहे तो मानावा की काम सोडून द्यावे, असेही विचारले आहेस. ड्राफ्ट वाचल्यावर माझे मत असे झाले की या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुला उद्या मिळाली तरी ही पटकथा उभी राहणार नाही, कारण ज्या प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी होती तो तू स्वतःला विचारलेलाच नाहीस. ही हकीकत सांगते कोण? कादंबरीत यमू सांगते. तुझ्या पटकथेत कोणीच सांगत नाही. प्रसंग एकामागून एक घडत जातात आणि यमू त्यांतून नुसती जात राहते.

ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकात क्रमशः आली. तिचे सामर्थ्य तिच्यातील घटनांत आहे असे मानणे ही वाचनातली फसगत आहे. त्या काळच्या पुण्यातील ब्राह्मण घरांतल्या मुलींची लग्ने, सासुरवास, वैधव्य आणि केशवपन या गोष्टींची माहिती देणारी पुस्तके पुष्कळ आहेत. हरिभाऊंनी केले ते वेगळे. त्यांनी यमूलाच बोलायला लावले, आणि तेही सर्व काही भोगून झाल्यानंतर. त्यामुळे पहिल्या प्रकरणांत लहान यमू खेळत असते तेव्हा ते खेळणे लिहिणाऱ्या बाईला पुढचे सगळे ठाऊक असते. नवऱ्याने, रघुनाथरावांनी, तिला लिहायला-वाचायला शिकवले तो सुखाचा काळ ती लिहिते तेव्हा ते सुख किती दिवसांचे होते हेही तिला ठाऊक असते. मैत्रिणीच्या, दुर्गीच्या, हालांविषयी ती बोलते तेव्हा आपल्या वाट्याला काय आले हे सांगायचे तिने अजून बाकी ठेवलेले असते. कादंबरीतले प्रत्येक पान असे दोन वयांनी लिहिलेले आहे. तू त्यांतले एकच वय घेतलेस. म्हणून शंकरमामंजी विधवा यमूचे बळजबरीने केशवपन करवतात त्या प्रसंगापर्यंत पोहोचेतो तुझा प्रेक्षक हळहळून थकलेला असेल आणि तो प्रसंग दुःखांच्या यादीतली आणखी एक नोंद होऊन राहील.

तू म्हणशील की त्यासाठीच जागोजागी पार्श्वनिवेदन घातले आहे. ते मी वाचले, आणि वाचताना मला राग आला हे लपवत नाही. यमू ओसरीवर बसलेली दिसते आणि तिचाच आवाज सांगतो की मी ओसरीवर बसले होते. आईच्या आजारपणात तिचे डोळे भरून येतात आणि आवाज सांगतो की मला रडू कोसळले. चित्र जे सांगून चुकले तेच आवाजाने पुन्हा सांगायचे असेल तर तो आवाज काढून टाक, कारण त्याला सांगणारी म्हणत नाहीत. सत्यजित राय यांचा १९७७ चा 'शतरंज के खिलाडी' पुन्हा पाहा, आणि या वेळी डोळ्यांबरोबर कान उघडे ठेव. प्रेमचंदांच्या मूळ कथेत निवेदकाचा स्वर बोचरा आहे. वाजिद अली शाहच्या लखनौविषयी तो बोलतो तेव्हा त्याला सगळे कळलेले असते आणि पात्रांना काहीच कळलेले नसते. राय यांनी ते कळणे अमिताभ बच्चनच्या आवाजाला आणि सुरुवातीच्या चित्रमालिकेला दिले, म्हणून तिथला आवाज पडद्यावर न दिसणारे सांगतो. कथेत शेवटी बुद्धिबळात बुडालेले दोघे मित्र तलवारी उपसून एकमेकांना ठार करतात. चित्रपटात दोघेही जिवंत राहतात आणि पुन्हा डाव मांडतात. शेवट बदलला म्हणून राय अप्रामाणिक झाले असे म्हणणाऱ्यांनी त्या निवेदकाचा स्वर ऐकलेलाच नसतो. प्रेमचंदांचा निवेदक त्या दोघांविषयी जे म्हणत होता तेच जिवंत राहिलेले ते दोघे अधिक कठोरपणे म्हणतात. शेवट बदलला, सांगणारा बदलला नाही. प्रामाणिक की स्वतंत्र या तुझ्या प्रश्नाचे माझ्याकडे असलेले उत्तर एवढेच आहे.

आवाज न वापरताही हे साधता येते. 'पथेर पांचाली' या कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण फार लवकर मरते, अपू अजाण असताना. राय यांनी १९५५ च्या चित्रपटात तिला पुष्कळ पुढेपर्यंत जिवंत ठेवले आणि तिचे मरण दुर्गा आणि अपू या भावंडांसमोर आणले. पटकथेच्या वर्गांत हे उदाहरण प्रसंगांच्या फेररचनेचे म्हणून शिकवतात. मला ते तेवढेच वाटत नाही. कादंबरीकाराला सगळ्या पिढ्यांचे सांगता येते, कॅमेऱ्याला कोणाच्या तरी डोळ्यांतून पाहावे लागते, आणि ते डोळे मुलांचे आहेत असे एकदा ठरल्यावर म्हातारीला मुले पाहू शकतील इतके जगवणे भागच होते. पाहणारा ठरला आणि त्यातून प्रसंगाची जागा ठरली. तू प्रसंग आधी मांडलेस आणि आता त्यांच्यासाठी पाहणारे डोळे शोधतो आहेस.

मराठीतही तेच. तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांमधून 'सिंहासन' चित्रपटाची पटकथा बांधली. मंत्री, कामगार पुढारी, तस्कर अशी माणसांची गर्दी तिच्यात आहे, आणि निळू फुल्यांनी केलेला पत्रकार दिगू टिपणीस त्या गर्दीतून हिंडतो, पाहतो, ऐकतो. दिगू काढून पाहा. प्रसंग सगळे तसेच राहतील, पण ते कोणाला सहन करावे लागत आहेत हेच कळेनासे होईल. सांगणारा नेहमी बोलतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त हजर असतो आणि त्याच्या हजेरीने इतरांच्या वागण्याला किंमत येते.

तू नाशिकचा आहेस म्हणून या बाबतीत मी तुझ्याकडून जास्त अपेक्षा करते. 'श्यामची आई' याच गावातल्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली गेली. त्या पुस्तकातली आई आपल्याला थेट भेटतच नाही. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री तिच्या आठवणी सांगतो, आणि ऐकणारे समोर बसलेले आहेत म्हणूनच त्याला तसे बोलता येते. त्यांना बाजूला काढले तर तेच प्रसंग बोधकथा होतील. शिरवाडकरांनी तरुणपणी इथल्याच गोदावरी सिनेटोनमध्ये 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली आणि तिच्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली, हे तुझ्या पिढीला फारसे ठाऊक नसते. पुढे १९७० मध्ये त्यांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. बेलवलकरांची स्वगते नाट्यगृहात बसलेल्या माणसांना उद्देशून आहेत. कालिदास कलामंदिरात ती ऐकताना आपण ऐकणारे आहोत हे आपल्याला क्षणभरही विसरता येत नाही. कॅमेऱ्यापुढे ती माणसे नसतात, आणि म्हणून त्या नाटकाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला बेलवलकर आता कोणाशी बोलतो आहे याचे उत्तर नव्याने शोधावे लागते. गोदेच्या काठावरच्या एखाद्या मंदिरात कीर्तनाला जाऊन बस. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, बुवा आख्यान लावतात तेव्हा ते हरिश्चंद्रही होतात, तारामतीही होतात आणि विश्वामित्रही होतात, पण बुवा म्हणून ते एक क्षणही नाहीसे होत नाहीत. कथा सर्वांना पाठ असते. लोक येतात ते हेच बुवा ती कशी सांगतात हे ऐकायला.

यात माझा हट्ट आहे, हे तुला कोणीतरी सांगितलेच असेल. एका जुन्या लघुकादंबरीवरची माझी पटकथा निर्मात्याने मान्य केली, चित्रीकरणाची तयारी झाली, आणि मग माझ्या नकळत तिच्यातली आजी काढून टाकण्यात आली. सारी गोष्ट नातीला सांगणारी ती आजी होती. वेग मंदावतो, आजच्या मुलांना म्हातारी नको असते, अशी कारणे मला देण्यात आली. मी श्रेयनामावलीतून माझे नाव काढायला लावले आणि उरलेले मानधन घेतले नाही. त्यानंतर बराच काळ मला काम मिळाले नाही; ही बाई अडवणूक करते अशी माझी ख्याती झाली आणि जवळच्या माणसांनीही व्यवहार सुटला म्हणून दोष दिला. तो चित्रपट चालला, पुरस्कारही मिळाले, आणि तरीही माझे मत आज तेच आहे. आजीशिवाय ती गोष्ट म्हणजे एका वाड्याच्या वाटणीचे भांडण होते, आणि वाड्याच्या भांडणाखाली मी माझे नाव घालू शकत नव्हते. घर भाड्याचे होते, मुलगी शाळेत होती. कशाच्या बदल्यात काय सोडते आहे हे मला स्वच्छ दिसत होते. हे तुला ऐकवण्याची गरज नव्हती कदाचित, परंतु माझा सल्ला कोणत्या अनुभवातून येतो आहे ते तुला कळलेले बरे.

आता तुझ्या निर्मात्याविषयी. आजचे पुणे ही कल्पना ऐकताच तू दुखावलास, आणि ते दुखावणे मला पटलेले नाही. काळ बदलणे हा गुन्हा नाही. पण ज्याने तो बदलायला सांगितले त्याला विचार की आजच्या पुण्यातली ही स्त्री आपली हकीकत का सांगते आहे आणि ती सांगितल्याने तिचे काय पणाला लागते आहे. यमूच्या काळी विधवेने आपल्या घरच्या माणसांविषयी एवढे उघडपणे लिहिणे हीच मोठी घटना होती, आणि त्या घटनेच्या तोलाचे आज काय आहे ते सापडले तर कथा खुशाल आजच्या काळात आण. ते सापडत नसेल तर नुसते वाडे काढून सोसायट्या आणि लुगडी काढून कुर्ते आणल्याने काही होणार नाही. सापडल्याशिवाय निर्मात्याला नरेशन देऊ नकोस, पटकथा ऐकवायला बसू नकोस. तो घाई करील. करू दे.

हक्कांची चिंता तुला या पुस्तकापुरती नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, आणि हरिभाऊ १९१९ मध्ये गेले. मात्र पुढे कधी हयात लेखकाच्या किंवा अलीकडे गेलेल्यांच्या कृतीला हात लावशील तेव्हा नुसत्या तोंडी होकारावर एक ओळही लिहू नकोस, आणि पैसे देऊन हक्क घेतले म्हणजे वाटेल ते करायला मोकळीक मिळाली असेही समजू नकोस. हिंदी लेखिका मन्नू भंडारी आपल्या 'आपका बंटी' या कादंबरीवरच्या चित्रपटातील बदलांविरुद्ध न्यायालयात गेल्या तेव्हा १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लेखकाचा आपल्या कृतीवरचा विशेष अधिकार हक्क विकल्यानंतरही उरतो हे मान्य केले. हरिभाऊ न्यायालयात येणार नाहीत. म्हणून त्यांची बाजू तुलाच सांभाळावी लागेल.

शेवटी, तू मागितलेल्या गोष्टीबद्दल. याच कादंबरीची मी लिहिलेली पटकथा माझ्याकडे आहे, हे तुला कोणाकडून कळले ते मी विचारत नाही. ती पूर्ण आहे. तिच्यासाठी मी कितीतरी निर्मात्यांचे उंबरे झिजवले, आणि ती पडद्यावर आली नाही याची खंत माझ्या बाकीच्या सगळ्या कामापेक्षा मोठी आहे. ती मी तुला देणार नाही. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तिच्यात यमू कोणाला सांगते हे मी ठरवलेले आहे, आणि ते एकदा वाचलेस की तुझ्या यमूला दुसरे कोणी ऐकूच येणार नाही. तुझी पटकथा चित्रित झाल्यावर माझी घेऊन जा आणि तेव्हा हवे तेवढे भांड.

तोवर एवढे कर. हा ड्राफ्ट बाजूला ठेव. त्यातले दुर्गीचे दोन प्रसंग फार चांगले आहेत, ते वाया जाणार नाहीत. सार्वजनिक वाचनालयात बसून कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा वाच, आणि लिहिणारी यमू जिथे जिथे लहान यमूच्या पुढचे बोलून जाते तिथे तिथे खूण कर. मग पहिली दहा दृश्ये एकाही संवादाशिवाय आणि पार्श्वनिवेदनाशिवाय लिही. यमू कोणाला सांगते आहे आणि आजच का सांगते आहे, ते पहिल्या पानाच्या माथ्यावर एका वाक्यात लिहून आण. ते वाक्य लिहिता येत नसेल तर दृश्ये आणू नकोस, तरीही ये. दुपारी चारनंतर मी घरीच असते.

तुझी,
ताई