तलवारी छान आहेत, पण विकणार कुठे?

स्टुटगार्टहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३६, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, बाळ सात महिन्यांचं, पत्नी सध्या रजेवर. हाताशी ३१,००० युरो. बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता महिना ५२,००० रुपये, व्याज ८.४ टक्के. तीन वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे. जवळच्या गावातले एक वयस्कर संग्राहक जर्मन लष्करी अधिकाऱ्यांच्या गणवेशातल्या नऊ तलवारी एकगठ्ठा १४,००० युरोंना द्यायला तयार आहेत. वाचकांचं म्हणणं असं, की जुनी वस्तू आहे, भाव वाढतच जाणार. शिवाय वर्षानंतर विकली तर जर्मनीत नफ्यावर कर नाही. आणि रघुजी भोसल्यांची तलवार आपल्या सरकारने ४७ लाखांना घेतलीच की!

त्या ४७ लाखांपासूनच सुरुवात करतो. २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने घेतलेली ती तलवार फिरंगी आहे, म्हणजे पातं युरोपातलं. पण पैसे पात्याचे पडलेले नाहीत. तिच्यावर सोन्याने ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा’ असं नाव आहे, त्याचे पडले. तुमच्या नऊपैकी किती तलवारी कुणाच्या होत्या हे सांगता येतं? तुमच्या पत्रात एकीचाही उल्लेख नाही.

या तलवारी दुर्मिळ का नाहीत, तेही बघा. जर्मन अधिकाऱ्याला तलवार स्वतःच्या पैशाने घ्यावी लागे. पात्यांसाठी प्रसिद्ध झोलिंगेन शहरातले कारखानदार, आइकहॉर्न, डब्ल्यूकेसी आणि इतर बरेच, त्यांचे कॅटलॉग काढून विकायचे. साधी मूठ, नक्षीची मूठ, कोरलेलं पातं, जशी ऐपत तशी तलवार. प्रशियाचं, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याचं, १८८९ चं पायदळ अधिकाऱ्याचं डेगेन (सरळ पात्याची तलवार), ज्याच्या परजेवर, म्हणजे मुठीपाशी हात वाचवणाऱ्या भागावर, गरुड असतो, ते साध्या पात्यासह आजही काहीशे युरोंत मिळतं. भाव चढतो तो ठरावीक गोष्टींनी: खरं दमास्कस पातं (पोलादाचे थर एकत्र ठोकून घडवलेलं, लाटांसारखी नक्षी असलेलं), निळ्या-सोनेरी मुलाम्याची शाबूत नक्षी, पात्यावर रेजिमेंटचं नाव किंवा कुणाला भेट दिल्याचा मजकूर. तुम्ही लिहिता, एक तलवार ‘दमास्कस’ आहे. आम्लाने वरवर उमटवलेली दमास्कसची नक्कल त्या काळातही होत असे, हे विकणाऱ्या गृहस्थांना विचारा. आणि पाती चकचकीत घासलेली असतील तर नक्षी अर्धी गेलीच समजा.

नऊपैकी चार तलवारी सिंहमुखी मुठीच्या, १९३३ नंतरच्या, परजेवर गरुडासोबत नाझी चिन्ह असलेल्या आहेत. माझी खरी अडचण इथे आहे. जर्मनीत अशी वस्तू घरात ठेवणं गुन्हा नाही, पण दंडसंहितेच्या ८६अ कलमानुसार ते चिन्ह सार्वजनिकरीत्या दाखवता येत नाही. संशोधन, इतिहास यांसाठी अपवाद आहेत. पण तुमच्यासारखा एकटा विक्रेता फोटो टाकताना चिन्ह झाकत बसणार, आणि ईबेसारखी मोठी ठिकाणं असा माल घेतच नाहीत. उरतात ते लिलाववाले आणि मोजके व्यापारी. शिवाय या प्रकारात नकली माल भरपूर. त्यातला काही आपल्याच देशातून निर्यात होतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर घरात बाळ वाढताना भिंतीवर ते चिन्ह नको.

आता कराचा मुद्दा. तुमची माहिती बरोबर आहे. वर्षापेक्षा जास्त ठेवलेली अशी वस्तू विकली तर जर्मनीत नफा करमुक्त, आणि तेच पैसे शेअर फंडात घातले तर त्याच्या नफ्यावर साधारण २६.३७५ टक्के कर. मात्र फंडाच्या नफ्यातले ३० टक्के करातून वगळले जातात आणि जोडप्याला वर्षाला २,००० युरोंपर्यंतची सूटही आहे, म्हणजे फरक वाटतो तेवढा मोठा नाही. आणि कर वाचवायचा तर आधी नफा हवा.

तो किती लांब आहे बघा. लिलावघर खरेदीदाराकडून हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, पाव हिस्सा जास्त घेतं असं धरू, आणि विकणाऱ्याकडून १५ टक्के कापतं. हजारावर हातोडा पडला तर घेणारा १,२५० देतो, विकणाऱ्याला ८५० मिळतात. लिलावातून घेऊन लिलावातच विकायचं तर नुसती मुद्दल सुटायला भाव ४७ टक्के वाढावा लागतो. वर्षाला चार टक्के वाढला तरी दहा वर्षं गेली. तुम्ही थेट घेताय म्हणून घेतानाचा अधिभार वाचतो, हे खरं. तरीही १४,००० हातात परत यायला लिलावात सुमारे १६,५०० चे हातोडे पडायला हवेत. आणि त्या गृहस्थांनी १४,००० हा आकडा व्यापाऱ्यांच्या विक्रीच्या भावांवरून काढला असेल, तर सुरुवातच खड्ड्यातून.

वर तुमच्याकडे दहा वर्षं नाहीत, तीन आहेत. ‘सोबत पुण्याला नेऊ’ हे पत्रातलं वाक्य मी दोनदा वाचलं. शस्त्र कायद्यात तलवार हे शस्त्रच आहे आणि परदेशातून शस्त्र आणायला परवाना लागतो. घरसामानाच्या कंटेनरमध्ये नऊ तलवारी निघाल्या तर ‘शोभेच्या आहेत हो’ यावर कस्टम्सवाला मान डोलावणार नाही. वाढदिवसाचा केक तलवारीने कापला म्हणून गुन्हे दाखल होतात आपल्याकडे! त्यातून शंभर वर्षांवरची तलवार आत आलीच, तर पुरावस्तू कायद्यामुळे पुन्हा बाहेर विकायला पाठवणं कठीण होऊन बसेल. म्हणजे २०२८-२९ च्या सुमारास, सामान बांधायच्या गडबडीत, तुम्ही मिळेल त्या भावाला विकणार. व्यापाऱ्यांना असा माणूस लगेच ओळखता येतो. तलवारी जर्मनीतच मित्राकडे ठेवून नंतर विकल्या, तरी तोवर भारतात पूर्ण रहिवासी झालेले असाल तर नफा भारतात करपात्र ठरू शकतो. करमुक्तीचा आधारच गेला.

घरचा हिशोब मात्र छोटा आहे. फ्लॅटचा हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च ३,५०० युरो. एकाच पगारावर घर चालतंय, म्हणून सहा महिन्यांचे २१,००० हातचे हवेत. उरतात १०,०००. म्हणजे १४,००० ची तलवार-खरेदी आणीबाणीच्या पैशांतले ४,००० खाते, आणि तेही गाड्यांच्या उद्योगात नोकरकपातीच्या बातम्या असताना.

तेव्हा गठ्ठा घेऊ नका. १०,००० पैकी ९,००० बाणेरच्या कर्जात आगाऊ भरा. तुम्ही पुण्यालाच राहणार असल्याने कर्ज रुपयांत फिटणं सोयीचं, आणि ८.४ टक्के व्याज नक्की वाचतं. बँक बदलत्या दराच्या गृहकर्जावर आगाऊ भरण्याचा दंड लावत नाही, तुमचं तसंच आहे ना ते पाहून घ्या.

उरलेल्या १,००० मध्ये हौस करा, आणि ती गुंतवणूक म्हणून मांडू नका. तुम्ही राहता ते वुर्टेम्बर्ग १९१८ पर्यंत वेगळं राज्य होतं आणि तिथल्या अधिकाऱ्यांच्या डेगेनच्या परजेवर प्रशियाच्या गरुडाऐवजी त्यांचं स्वतःचं राजचिन्ह असे. फौज लहान, म्हणून प्रशियाच्या मानाने अशा तलवारी कमी. गठ्ठ्यात तशी एक असेल, पात्यावर रेजिमेंटचं नाव असेल, तर तेवढीच मागा. आधी रास्टाटच्या राजवाड्यातलं लष्करी संग्रहालय पाहून या, झोलिंगेनचं पात्यांचं संग्रहालयही. नजर तयार होते. घेतलीत तर विकणाऱ्याच्या सहीची पावती आणि पात्यावरच्या खुणांचे फोटो एकत्र ठेवा, आणि घरसामानाच्या विम्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू मौल्यवान धरून त्यांना वेगळी मर्यादा असते, ती एकदा वाचा. गृहस्थ ‘नऊच्या नऊ नाहीतर एकही नाही’ म्हणाले, तर चहा पिऊन परत या.