लेझरचा गॅस भरलेला बंद सेल (म्हणजे डबा) तापवल्यावर दाब वाढतो, मग त्यात सोडलेल्या इलेक्ट्रॉन बीमची (झोताची) ऊर्जाही गॅसमध्ये जास्त मुरते का?

नाही. पण ही चूक मीही केली आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी तापलेल्या सेलच्या दाब दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा उचलून तसाच ऊर्जा किती मुरते हे काढायच्या गणिती मॉडेलमध्ये घातला आणि हिशोब का जुळत नाही म्हणून आठवडाभर डोकं खाजवत बसलो.

इलेक्ट्रॉनला दाब कळत नाही, वाटेत किती अणू भेटले एवढंच कळतं. आर्गॉनमध्ये आयन-इलेक्ट्रॉनची एक जोडी तयार व्हायला सरासरी २६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ३०० केल्विनला अणूची स्वतःची धावपळ जेमतेम ०.०४ इलेक्ट्रॉनव्होल्टची, तिला कोण विचारतो! सेल बंद आहे म्हणजे अणू तेवढेच, म्हणून ऊर्जाही तेवढीच. (सेलला लांब थंड नळी जोडलेली असेल तर थोडा गॅस तिकडे सरकतो, तेवढं बघा.) वाहत्या गॅसमध्ये दाब कायम ठेवून तापमान ३०० वरून ४५० केल्विनला नेलं, तर मात्र घनता दोन-तृतीयांशावर येते आणि ऊर्जाही साधारण त्याच प्रमाणात घटते.

खरी गंमत पल्सनंतर, म्हणजे बीमचा एक झटका देऊन झाल्यावर. एक वातावरण दाबाच्या आर्गॉनचं एक लिटर एका अंशाने तापवायला अर्धा जूल पुरतो. लिटरमागे ५० जूल सोडले आणि सगळ्यांची उष्णता झाली, तर १०० अंशांची वाढ. पल्स काहीशे नॅनोसेकंदांची, तेवढ्यात गॅस केसाच्या जाडीएवढाही धड हलत नाही. त्यामुळे दाब एकदम ३३ किलोपास्कलने उसळतो. हीच उसळी ट्रान्सड्यूसरवर (दाबाच्या सेन्सरवर) टिपायची, दीडपट करायची, सेलच्या पूर्ण आकारमानाने गुणायचं, की मुरलेली ऊर्जा मिळते. बीम न पोचलेले कोपरेही त्या आकारमानात धरायचे. प्रकाश होऊन निसटलेली ऊर्जा यात येत नाही, आणि भिंतींनी गॅस थंड करण्याआधी वाचन घ्यावं लागतं.

लेझर किती निघेल हा वेगळा प्रश्न. झेनॉन फ्लोराइडच्या लेझरमध्ये प्रकाश देऊन झालेले रेणू खालच्या ऊर्जापातळीत सैलसर बांधलेले राहतात आणि तिथेच तुंबतात. गॅस ४५० केल्विनच्या आसपास नेला की ते लवकर फुटतात आणि कार्यक्षमता चक्क वाढते. क्रिप्टॉन फ्लोराइडला हा फायदा नाही. वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतल्या 'इलेक्ट्रा' या क्रिप्टॉन फ्लोराइड लेझरमध्ये सेकंदाला पाच शॉट मारायचे, म्हणून गॅस सतत फिरवून थंड करावा लागला. नाहीतर आधीच्या शॉटची गरम-थंड ढेकळं पुढच्या किरणाला वाकवतात.

मॉडेलमध्ये गॅस भरतानाचा दाब आणि त्या वेळचं तापमान घाला. तापल्यानंतरचं गेज तिथे वापरू नका.