लाइव्ह होतं, मग उरलं कसं?

प्रश्न : यूट्यूबवर 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चं १९५४ चं टीव्हीवरचं नाटक सापडलं. खाली लिहिलंय लाइव्ह. लाइव्ह होतं तर आज दिसतंय कसं? मुलगा म्हणतो थापा आहेत. (नौपाडा, ठाणे)

मुलाला सांगा, थापा नाहीत. २० सप्टेंबर १९५४ ला सीबीएस या अमेरिकन वाहिनीच्या 'स्टुडिओ वन' या नाटकांच्या कार्यक्रमात, खुनाच्या खटल्यातल्या बारा ज्युरींचं हे नाटक न्यूयॉर्कहून थेट गेलं, म्हणजे नट तिकडे बोलतायत आणि त्याच क्षणी लोक घरी बघतायत. व्हिडिओटेप तेव्हा नव्हतीच, अँपेक्स कंपनीचं टेपचं मशीन आलं १९५६ ला. मग करायचे काय, तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून सरळ त्या पडद्याचंच शूटिंग करायचे, त्याला किनेस्कोप म्हणत. ते चित्र धुरकट आणि कडेला वाकल्यासारखं दिसतं ना, ते त्यामुळेच, तुमच्या नेटचा काही दोष नाही.

आणि हे जपून ठेवायला म्हणून केलं असं अजिबात नाही. न्यूयॉर्कला रात्रीचे नऊ म्हणजे लॉस एंजेलिसला संध्याकाळचे सहा, तिकडचा माणूस अजून घरीसुद्धा पोचलेला नसायचा, मग त्यांच्यासाठी फिल्म घाईघाईत धुवून उशिरा दाखवायची. एकदा दाखवून झाली की ती कुठल्या कपाटात गेली कोण विचारतो! या नाटकाची तर अर्धीच फिल्म शिल्लक आहे असं कित्येक वर्षं धरून चालले होते, पूर्ण प्रत २००३ ला एका दिवंगत वकिलाच्या संग्रहातून निघाली.

प्रश्न : माझे सासरे तेव्हा लंडनला होते. ते सांगायचे की रविवारी टीव्हीवर पाहिलेलं नाटक गुरुवारी परत लागायचं आणि थोडं वेगळं असायचं. वयामुळे गोंधळ होत असेल का त्यांचा? (वाशी)

छे, सासऱ्यांचं बरोबर आहे. बीबीसी रविवारचं नाटक गुरुवारी पुन्हा 'दाखवायची' नाही, पुन्हा करायची. तेच नट, तोच सेट, परत पहिल्यापासून. आपण गडकरी रंगायतनला दुपारचा आणि रात्रीचा प्रयोग म्हणतो तसंच ते. जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीवरचं 'नाइन्टीन एटी-फोर' १२ डिसेंबर १९५४ ला झालं, पीटर कुशिंग मुख्य भूमिकेत, त्यातला छळ बघून लोक इतके भडकले की प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं, तरी १६ तारखेला दुसरा प्रयोग झालाच आणि आज जी फिल्म आहे ती या गुरुवारच्या प्रयोगाची. ज्या रविवारच्या प्रयोगावरून सगळी बोंबाबोंब झाली तो गेला तो गेलाच.

अमेरिकेतही लेखक रॉड सर्लिंगचं 'पॅटर्न्स' हे टीव्ही नाटक जानेवारी १९५५ ला इतकं गाजलं की महिन्याभरात सगळ्यांना गोळा करून ते परत लाइव्ह केलं.

प्रश्न : मधेच कोणी चुकलं तर? (ऐरोली)

चुकलं तर चुकलं, पुढे जायचं. कपडे बदलायला वेळ नाही म्हणून एकावर एक दोन ड्रेस घालायचे, कॅमेऱ्याच्या केबली चुकवत अंधारात दुसऱ्या सेटवर पळायचं, आणि तिथे पोचल्यावर दम लागलेला दिसता कामा नये! पण सगळ्यात वाईट प्रसंग इंग्लंडमधला. ३० नोव्हेंबर १९५८, 'आर्मचेअर थिएटर' या टीव्ही नाटकांच्या मालिकेतलं 'अंडरग्राउंड' नावाचं नाटक मँचेस्टरहून लाइव्ह चालू, आणि त्यातला गॅरेथ जोन्स हा तरुण नट दोन प्रवेशांच्या मधे कोसळला आणि गेला. दिग्दर्शक टेड कॉचेफ आणि बाकीच्या नटांनी त्याच्या वाट्याचं आपसात वाटून घेतलं आणि नाटक शेवटपर्यंत नेलं. 'शो मस्ट गो ऑन' आपण फार सहज म्हणतो, मला विचाराल तर त्या दिवशी पडदा पाडला असता तरी कोणी नावं ठेवली नसती.

प्रश्न : आपल्या मुंबई दूरदर्शनची जुनी नाटकं अशी कुठे मिळतील का? (कळवा)

फार आशा ठेवू नका. वरळीचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, तोवर टेप आली होती, पण महाग होती, त्यामुळे एकदा लागून गेलं की त्याच टेपवर दुसरं काहीतरी. प्रभावळकर आणि बाळ कर्व्यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरात पोचले होते, त्याचेसुद्धा मोजकेच भाग उरलेत. किनेस्कोप धुरकट असेल, पण पुसून परत वापरता येत नव्हता, म्हणून वाचला.

प्रश्न : सोसायटीच्या गणपतीत हेच बारा जणांचं नाटक बसवायचंय. सिनेमा बघून बसवू की टीव्हीचं? (खारघर)

टीव्हीचं बघा. सिनेमा दीड तासाच्या वर जातो, टीव्हीचं जाहिरातींसकट तासाच्या स्लॉटचं, म्हणजे नाटक पन्नासेक मिनिटांचं, आरती आणि बक्षीस समारंभाच्या मधे बसेल. रेजिनाल्ड रोजने लिहिलंच होतं एका खोलीसाठी, मोठा सेट आणि धावपळ लाइव्हमध्ये परवडायची नाही म्हणून सगळा जोर माणसांच्या बोलण्यावर. हिंदीत ऐकायचं तर बासू चॅटर्जींचं 'एक रुका हुआ फैसला' आहेच, पण पंकज कपूरची नक्कल करू नका, बाराच्या बारा जण ओरडत सुटतात आणि मागच्या खुर्चीवाल्यांना एक वाक्य कळत नाही. तिकीट नसलं तरी प्रयोगाच्या परवानगीचं आधी बघून ठेवा, आणि टेबल लांबट घेऊन प्रेक्षकांकडची बाजू रिकामी ठेवा, नाहीतर चौघांच्या नुसत्या पाठी दिसतील.