घड्याळातला रक्तदाब : मोजमाप की अंदाज?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून गेली नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी घेतात. परदेशी असलेल्या धाकट्या भावाने पाठविलेल्या घड्याळात त्यांचा रक्तदाब रोज १२४/८० च्या आसपास दिसतो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून मोजला तेव्हा तो १५२/९० निघाला. घड्याळ बिघडले आहे का? चोवीस तास अचूक रक्तदाब सांगणारे घड्याळ बनविणे इतके अवघड का आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : घड्याळ बिघडलेच असेल असे नाही. फुगणारा पट्टा नसलेले घड्याळ मुळात दाब मोजतच नाही, ते अंदाज बांधते, आणि आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या फरकात आहे.

इटालियन डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ साली मांडलेल्या पद्धतीत दंडाचा पट्टा धमनीवर बाहेरून दाब देतो, त्यामुळे आतल्या दाबाची थेट तुलना होते. घड्याळ मात्र त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून प्रत्येक ठोक्याला परतणाऱ्या प्रकाशातील चढउतार टिपते. काही यंत्रे हृदयाचा विद्युतसंकेत आणि मनगटावर नाडी पोहोचणे यांतील वेळही मोजतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि नाडीची लाट वेगाने धावते. पण वयानुसार ताठरलेल्या धमनीतही ती वेगानेच धावते, आणि थंडीने आकसलेल्या बारीक वाहिन्यांमुळे लाटेचा आकार बदलतो. लाट तीच दिसली तरी त्यामागचे कारण दाबच आहे, हे घड्याळाला कसे कळावे?

म्हणून अशा अनेक घड्याळांना आधी पट्ट्याच्या यंत्राचे आकडे द्यावे लागतात. सॅमसंगच्या घड्याळात ही जुळवणी दर २८ दिवसांनी करावी लागते. वडिलांच्या घड्याळात असे आकडे भरले असतील, तर ते कोणी, कधी आणि कोणत्या यंत्राने घेतले होते, हे पाहा. गोळीचा परिणाम चांगला असताना घेतलेला आकडा भरला असेल, तर घड्याळ त्याच्याच आसपास रेंगाळू शकते. संशोधकांची खरी अडचणही हीच आहे : स्वस्थ बसलेल्या माणसावर चाचणी घेतली, तर भरलेलाच आकडा पुन्हा सांगणारे यंत्रही अचूक ठरेल. झोप, श्रम, औषधातील बदल यांमुळे दाब खरोखर हलतो तेव्हा यंत्र त्याच्यामागे जाते का, ही कसोटी हवी. युरोपीय उच्च रक्तदाब संघटनेने २०२२ मध्ये निदान व उपचार ठरविण्यासाठी पट्टाविरहित यंत्रे वापरू नयेत असे सांगितले, ते याच कारणाने.

तरीही हे संशोधन मला मनापासून महत्त्वाचे वाटते. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री साधारण १० ते २० टक्के उतरतो. तो न उतरणाऱ्यांना हृदयविकार व पक्षाघाताचा धोका अधिक असतो. आज हे तपासायचे तर रात्रभर ठरावीक वेळाने फुगणारा पट्टा बांधावा लागतो आणि पुष्कळांची झोप त्यानेच मोडते. झोपमोड न करणारे विश्वासार्ह यंत्र निघाले, तर या रुग्णांचे निदान किती सोपे होईल!

डॉक्टरांसमोर काहींचा दाब वाढतो, म्हणून १५२ हा एकच आकडाही अंतिम मानू नये. दंडावरच्या यंत्राने सात दिवस सकाळी व संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोन-दोन वेळा मोजून लिहून ठेवा. पहिला दिवस वगळून सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर गोळीचा फेरविचार लागेल. ती वही आणि ते यंत्र डॉक्टरांकडे न्या. तोपर्यंत घड्याळ पाहून गोळी कमी करू नका.