आधी तपासणी, मग पॉलिसी

कोल्हापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वडील 59 वर्षांचे. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत 26 वर्षं काम करून गेल्या वर्षी निवृत्त झाले. दोन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, वजनही उतरलंय. खासगी दर वाचकानंच काढलेत: एक्स-रे 500, थुंकीची साधी तपासणी 300, सीबीनॅट (थुंकीतल्या क्षयजंतूची जनुकीय तपासणी) 2,200, एचआरसीटी (छातीचं बारकाईचं सीटी स्कॅन) 5,500. "यातली कुठली परवडेल?" शेवटी एक ओझरती ओळ: एजंट म्हणतो, आधी आरोग्य विमा काढा, हप्ता 34,000, तपासण्या दोन महिन्यांनी करा, म्हणजे रेकॉर्डवर काही येणार नाही. चेक दिलाय. उत्पन्न कळावं म्हणून बाबांची जुनी पगारपावतीही जोडलीय.

विचारलेल्याचं उत्तर आधी. लक्षणं क्षयाची, म्हणजे टीबीची असू शकतात, म्हणून एक्स-रे आणि सीबीनॅट. साध्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीलीटरमध्ये साधारण दहा हजार तरी लागतात, सीबीनॅटला दीडशेच्या आतही पुरतात. एकोणीसशे रुपये वाचवून क्षय निसटला, तर ती बचत कसली? शिवाय क्षयावरचं नेहमीचं औषध रिफॅम्पिसिन लागू पडेल का, हे सीबीनॅट दोन-अडीच तासांत सांगतं. एचआरसीटी फुप्फुसाचं चित्र देतं, जंतूचं नाव सांगत नाही. साडेपाच हजार घालून पुन्हा थुंकी द्यावीच लागेल. आणि क्षयाची थुंकी तपासणी सरकारी केंद्रात मोफत असते, औषधंही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा.

आता त्या ओझरत्या ओळीकडे येतो, कारण खरं नुकसान तिथं आहे. दोन महिन्यांचा खोकला माहीत असताना अर्जावर "त्रास नाही" लिहून बाबांची सही घेणं ही लपवाछपवी आहे. कंपनी क्लेमच्या वेळी जुने कागद मागवते, डॉक्टर पहिल्याच ओळीत "खोकला दोन महिने" लिहितात. क्लेम नाकारला जाईल आणि वर्षाला 34,000, म्हणजे पाच वर्षांत 1,70,000, पाण्यात. हा सल्ला देणाऱ्याला कमिशन मिळेल, बाबांना काही नाही. आणि दोन महिने थांबायचं कुणाच्या जिवावर? क्षय असेल, तर घरातली माणसं तीच हवा घेतायत.

दुसरं, तुम्ही जोडलेल्या पगारपावतीवर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची कपात दिसतेय. पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानानं निवृत्त झालेल्याला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. एकशेवीस! हे त्यांना निवृत्तीच्या वेळी कुणीच सांगितलं नाही, याचा मला राग येतो. ईएसआयच्या शाखा कार्यालयात पगारपावत्या, निवृत्तीचं पत्र आणि ईएसआय क्रमांक घेऊन जा.

फौंड्री म्हटलं की सिलिकाची धूळ आली. एक्स-रेत सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार निघाला, तर तो कायद्यात व्यवसायजन्य, म्हणजे कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. सिलिकोसिस असलेल्याला क्षयाचा धोकाही जास्त असतो, म्हणून डॉक्टरांना कामाचा इतिहास आवर्जून सांगा. हक्क मागायचा तर निदानाचा कागद आणि नोकरीचा पुरावा लागतो. एजंट जो कागद टाळायला सांगतोय, बाबांसाठी भरपाईचा दरवाजा तोच उघडेल. थुंकीत जंतू नसले, तर स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी) मात्र करून घ्या. फुप्फुसं कितपत काम करतायत हे तिथं कळतं.

चेक वटला नसेल, तर प्रस्ताव लेखी रद्द करा. पॉलिसी हाती आली असेल, तर मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ वजावट होईल, होऊ द्या. विमा पुढे घ्यायचाच, पण निदान झाल्यावर, सगळं खरं लिहून. आधीपासूनच्या आजाराला संरक्षण मिळेपर्यंतचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो.

उद्या सकाळी उठल्या-उठल्या बाबांनी खोलवर खाकरून बेडका काढायचा, नुसती लाळ नको. डबी केंद्रातून आजच आणून ठेवा.