हेल्मेट असूनही अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मेंदूला इजा का होते?

कारण हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदू नाही. जोरात आलेलं डोकं समोरच्यावर आदळून थांबतं पण आतला मेंदू पुढे जातच राहतो आणि कवटीवर आपटतो, तिथे हेल्मेट काय करणार. आणि नुसत्या मोठ्या टकरीच नाही हं, लाइनवरचे, म्हणजे समोरासमोरच्या रांगेतले खेळाडू जवळजवळ प्रत्येक प्लेला, म्हणजे खेळाच्या प्रत्येक डावाला, एकमेकांना भिडतात, कोणी बेशुद्ध पडत नाही म्हणून लक्षही जात नाही, पण वर्षानुवर्षं असे छोटे धक्के बसून सीटीई नावाचा मेंदूचा आजार होऊ शकतो. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध खेळणारा माइक वेबस्टर २००२ मध्ये ५०व्या वर्षी गेला, त्याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालूंना हेच सापडलं. २०१७ च्या बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या १११ पैकी ११० माजी खेळाडूंच्या मेंदूत सीटीई होतं. फक्त हा आकडा सरसकट सगळ्यांना लावू नका, ते दान केलेले मेंदू होते आणि ज्यांना आधीच त्रास होता त्यांच्याच घरचे जास्त करून दान करतात. २०२४ पासून एनएफएलमध्ये किकऑफला, म्हणजे चेंडूला लाथ मारून खेळ सुरू करताना, लांबून धावत येऊन होणाऱ्या टकरी नियम बदलून कमी केल्या ते खूप चांगलं झालं, मला हा खेळ मनापासून आवडतो, पण लाइनवर अजून तेच चाललंय आणि ते बघताना जीव तुटतो.