ट्रस्टीकडे असलेला पैसा जप्त करता येतो का?

प्रश्न : ताई, माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एकाकडून ४ लाख ८० हजार येणं होतं, कोर्टाचा हुकूमनामा मिळाला, पण त्याच्या नावावर काहीच नाही. आता कळलं की त्याच्या वडिलांनी मृत्युपत्राने ट्रस्ट केलाय, दोन गाळ्यांचं भाडं त्याचे काका ट्रस्टी म्हणून घेतात आणि दर तिमाहीला याचा अर्धा वाटा देतात. काका म्हणतात, ट्रस्टच्या पैशाला कोणी हात लावू शकत नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही दादा, काकांचा गैरसमज आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा, ऋणकोसाठी, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्यासाठी, दुसऱ्याने विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ताही, ती स्वतःसाठी वापरायचा हक्क त्याला असेल तर, जप्तीत येते. गाळे तुम्हाला मिळणार नाहीत हं, फक्त त्याचा वाटा.

पण आधी मृत्युपत्र नीट वाचा. अर्धा वाटा ठरवून दिलेला असेल तर उत्तम, 'ट्रस्टींना योग्य वाटेल तेवढं द्यावं' असं असेल तर त्यालाच मागायचा हक्क नाही, मग तुम्हाला कुठून येणार?

दुसरी गोष्ट वेळेची, आणि इथेच लोक फसतात. १८८३ मध्ये इंग्लंडात वेब विरुद्ध स्टेंटन खटल्यात अर्ज याच कारणाने फेटाळला गेला, ट्रस्टींच्या हातात त्या दिवशी ऋणकोला द्यायचं उत्पन्नच नव्हतं म्हणून. म्हणजे भाडं जमा झालंय पण वाटप व्हायचंय, त्याच दिवसांत काकांना कोर्टाची नोटीस लागली पाहिजे. वाटपाच्या दुसऱ्या दिवशी लागली तर हात रिकामे.

दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या प्रकरणात, त्याच संहितेच्या आदेश २१ नियम ४६-अ खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज करा. काकांनी पैसे कोर्टात भरायचे नाहीतर कारण दाखवायचं, दोन्ही केलं नाही तर कोर्ट त्यांच्यावरच आदेश करू शकतं. त्यांना प्रेमाने सांगा की कोर्टात भरलेल्या रकमेपुरती त्यांची पुतण्याला असलेली देणेदारी फिटली असं कायदाच मानतो, भीतीपोटीच माणसं अडून बसतात.

मृत्युपत्राची प्रत मिळत नसेल तर नियम ४१ खाली ऋणकोकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा, टाळलं तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दरखास्तीला हुकूमनाम्यापासून १२ वर्षं मुदत आहे, पण पुढची तिमाही चुकवू नका.